कोपऱ्यातली पाकळी

फार पूर्वी एका गावात माणसांच्या घरांपेक्षा बाहुल्यांची घरं जास्त नीटनेटकी असायची. माणसांच्या घरात पसारा, धूर, भांडणं. बाहुलीघरात मात्र सगळं जागच्या जागी. गावचा सुतार बोटभर लांबीचे पलंग करून द्यायचा, तांबट हरभऱ्याएवढ्या कळशा घडवायचा. आणि त्या पलंगावरच्या उशा, दारावरचे पडदे, बैठकीतला गालिचा हे सगळं भरतकाम चिमाक्काकडे असायचं.

चिमाक्काला साधं कापड चालत नसे. तिला लागायची रेशमाची जाळी, इतकी झिरझिरीत की हातावर पसरली तर हातावरच्या रेषा दिसाव्यात. ती जाळी लाकडी चौकटीवर ताणायची, रेशमाच्या दोऱ्यातून एक तंतू सोडवायचा आणि जाळीचं एकेक भोक मोजत टाका घालायचा. तळहाताएवढ्या गालिच्यावर ती वेलबुट्ट्या, कमळं आणि पिसारा मिटलेला मोर बसवायची. लोक चेष्टेनं म्हणायचे, "आक्काच्या घरात शिंकू नका रे, गालिचा उडून पलीकडच्या गावात जाईल!"

या कामात एक मोठी मेख होती. साध्या कापडावर एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत दोरा मागच्या मागे ओढून नेला तरी खपतं. उलट्या बाजूला कोण बघतं? पण जाळी पडली आरपार दिसणारी. मागून नेलेला दोरा पुढून दिसायचाच. म्हणून प्रत्येक फूल झालं की दोरा बांधून तोडायचा, आणि पुढच्या फुलाला नव्यानं ओवायचा. "आळशाचं काम नव्हे हे," चिमाक्का म्हणायची, आणि म्हणताना तिची मान जरा ताठ व्हायची.

गावात या गालिच्यांची एक रीत होती. गालिचा पुरा होत आला तरी चिमाक्का तो पुरा करत नसे. कोपऱ्यातल्या एका फुलाची एक पाकळी ती रिकामी ठेवायची. जिचं बाहुलीघर, त्या पोरीनं चिमाक्काच्या ओट्यावर यायचं आणि आपल्या हातानं ती पाकळी भरायची. मग तिची आई जमलेल्या सगळ्यांच्या हातावर गूळखोबरं ठेवायची. "आज कुणाची पाकळी?" असं ओरडत आळीतली झाडून सगळी पोरं ओट्यावर चढायची.

आता पोरींचे हात ते पोरींचेच. कुणी सुई टोचून भोकाड पसरायची. कुणाची बोटं काकवीनं चिकट. कुणाची पाकळी अशी व्हायची की फुलावर पाल बसलीय असं वाटावं. आणि दोरा मागून ओढत न्यायचा गाढवपणा तर जवळजवळ प्रत्येक पोरगी करायची. जाळीतून तो उंदराच्या शेपटीसारखा दिसत राहायचा. चिमाक्का कपाळावर हात मारून घ्यायची, "अगं बयो, डोळे फोडून भरला गं मी हा! काय केलंस त्याचं?" पोरी फिदीफिदी हसायच्या. आक्काचा राग तोंडातला गूळ विरघळेपर्यंतच टिकतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एके वर्षी राजवाड्यातून कारभारी आला. धाकट्या राजकन्येसाठी बाहुलीघर हवं होतं. चिमाक्कानं आपलं सगळं कसब त्या गालिच्यात ओतलं. मोराच्या एका पिसात किती रंग असतात हे बघायला ती खरोखरीच्या मोरामागे रानात हिंडली. गालिचा न्यायला कारभारी परत आला, त्यानं तो उजेडात धरला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय, बाई? हे फूल अर्धंच राहिलंय."

"ती पाकळी राजकन्येनं भरायची, साहेब. आमच्याकडे तशी रीत आहे."

"रीत तुमच्या गावाची. राणीसाहेबांच्या नजरेला काही वावगं दिसता कामा नये." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "आणि खरं सांगा, एवढं देखणं काम एका पोरीच्या हातानं नासवायचं, हे तुमच्या तरी जिवावर येत नाही का?"

हे वाक्य चिमाक्काच्या बरोबर वर्मी बसलं. कारण जिवावर तर यायचंच. दर वेळी यायचं. तिनं सुई घेतली आणि पाकळी भरून टाकली. सगळा गालिचा पुरा झालेला तिनं पहिल्यांदाच पाहिला. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. तिच्या डोळ्यांचं पारणं फिटलं.

राणीनं शालू पाठवला आणि निरोपही पाठवला, 'इतकं निर्दोष काम आम्ही कधी पाहिलं नाही.' शालू चिमाक्कानं घडी करून ठेवून दिला. 'निर्दोष' हा शब्द मात्र तिच्या डोक्यात जाऊन बसला, आणि शालूसारखा तो काही घडी करून ठेवता येईना.

पुढच्याच महिन्यात तांबटाची वेणू आपल्या बाहुलीघराचा गालिचा न्यायला आली. हात स्वच्छ धुऊन आली होती. मागून आई गूळखोबऱ्याची वाटी घेऊन येत होती.

"आक्का, माझी पाकळी?"

"भरली मी. आता नुसतं बघायचं हं. हात लावायचा नाही."

वेणू आपल्या धुतलेल्या हातांकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मग गालिचा आईकडे देऊन निघून गेली. त्या दिवशी गूळखोबरं कुणाच्याच हातावर पडलं नाही.

गावकऱ्यांना मात्र नवी तऱ्हा फार आवडली. राजवाड्यातल्यासारखं काम आपल्या घरी! असं बाहुलीघर पोरींच्या हाती कोण देतं? ती घरं फडताळाच्या वरच्या फळीवर गेली. पाहुणे आले की खाली यायची, पाहुणे गेले की पुन्हा वर. "हात लावशील तर बघ!" हे वाक्य घरोघरी ऐकू येऊ लागलं. पोरी काही दिवस खालून माना वर करून बघत राहिल्या. मग त्या ओढ्याकाठी गेल्या आणि चिखलाच्या भिंती बांधून खेळू लागल्या.

चिमाक्काचा ओटा शांत झाला. सुरुवातीला तिला बरंच वाटलं. गलका नाही, चिकट हात नाहीत, टाका मोजताना मध्येच कुणी "आक्का, मला सुई टोचली" म्हणून कळवळत नाही. गालिचे एकाहून एक सरस होऊ लागले. वर्षं गेली.

आणि एक दिवस तिला जाळीची भोकं दिसेनाशी झाली. आधी वाटलं, उजेड कमी आहे. मग कळलं, डोळ्यांपुढे धुकं उतरलंय, आणि हे धुकं काही उन्हानं जायचं नाही.

चिमाक्का घाबरली. तिला ना लेक, ना सून. हातातली ही कला जायच्या आत कुणाच्या तरी हातात घालायला हवी. तिनं गावात सांगून पाठवलं, "जिला शिकायचंय तिनं यावं, मी सगळं शिकवीन." कुणी आलं नाही. मग तिनंच वेणूला बोलावलं. वेणू आता मोठी झाली होती आणि तिच्यासारखी बारीक रांगोळी गावात कुणाची नव्हती. वेणू आली, चौकटीपुढे बसली, सुई हातात घेतली. ती जाळीपाशी नेली आणि तशीच मागे घेतली.

"आक्का, मला नाही जमायचं."

"अगं, एक टाकाही न घालता कसं कळलं तुला?"

"तुमच्या कामाला हात लावायचा नाही, हे मी लहानपणी शिकले," वेणू म्हणाली. "तेवढंच शिकले."

तिनं टोमणा मारला नव्हता. होतं ते सांगितलं, सुई अलगद खाली ठेवली आणि ती घरी गेली.

चिमाक्का तिथेच बसून राहिली. तिला आठवली तिची स्वतःची पाकळी. तीही अशाच एका ओट्यावर भरली होती, तिच्या आधी हे काम करणाऱ्या म्हाताऱ्या आत्याबाईंच्या मांडीला टेकून. पाकळी कसली, वाकडं नाक झालं होतं ते. आत्याबाई बोळक्या तोंडानं हसता हसता म्हणाल्या होत्या, "ये हो उद्या पुन्हा, कान भरायचे राहिलेत!" आणि ती दुसऱ्या दिवशी खरंच गेली होती. तिसऱ्या दिवशीही गेली. तिचं सगळं आयुष्य त्या वाकड्या पाकळीतून निघालं होतं, आणि इतक्या वर्षांत हे तिला एकदाही आठवलं नव्हतं. तिला त्या पोरींची, त्या गलक्याची, काकवीच्या बोटांचीसुद्धा इतकी आठवण आली की ती लहान मुलासारखी रडली.

त्यानंतर काही दिवसांनी तिच्या दारात एक मेणा उतरला. आतून राजकन्या आली. आता तिचं लग्न ठरलं होतं. तिच्यामागे भोई ते बाहुलीघर घेऊन उभे होते.

"आक्का, माझं सासर फार लांब आहे," राजकन्या म्हणाली. "लहानपणची एक वस्तू बरोबर न्यावी म्हणून हे काचेच्या कपाटातून काढायला लावलं. समोर घेऊन बसले, आणि मला काही म्हणजे काही आठवेना. याला हात लावू देत नसत. मी खेळले ती दासीच्या मुलीबरोबर, चिंध्यांच्या बाहुलीशी. ती केव्हाच विरून गेली. हे एवढं सुंदर आहे, मग माझं का वाटत नाही?"

चिमाक्कानं गालिचा हातात घेऊन कोपऱ्यातलं ते फूल बोटांनी शोधलं.

"कारण ते तुमचं झालंच नाही, ताईसाहेब," ती म्हणाली. "तुमच्या वाटणीची पाकळी मी भरून बसले."

आणि तिनं कात्री मागितली. भरलेला टाका जाळीतून काढणं हे डोळस माणसालाही कठीण. कात्रीचं टोक केसभर सरकलं की जाळी गेलीच. आणि हा गालिचा म्हणजे तिच्या जन्माचं सर्वांत चांगलं काम. असा दुसरा आता तिच्या हातून होणार नव्हता. पण तिनं नखानं पाकळी चाचपली, श्वास रोखला आणि एकेक टाका कापून काढला. जाळी वाचली. आता सुई कोण ओवणार? तिला दिसत नव्हतं आणि राजकन्येनं जन्मात सुई धरली नव्हती.

"वेणू!" तिनं ओट्यावरून हाक मारली. "एवढी सुई ओवून दे गं."

वेणूनं येऊन सुई ओवून दिली. राजकन्या जीभ बाहेर काढून, अगदी पाच वर्षांच्या पोरीसारखी, पाकळी भरू लागली.

"अहो, दोरा मागून ओढू नका! दिसतोय!" वेणू न राहवून ओरडली, आणि मग आपण राजकन्येवर ओरडलो म्हणून तिनं जीभ चावली.

पण राजकन्या हसत सुटली. तिच्या पाकळीला चांगली लांब शेपटी फुटली होती. हसता हसता तिचे डोळे भरून आले. जाताना तिनं बाहुलीघर भोयांकडे दिलं नाही, मांडीवर घेऊन मेण्यात बसली.

दुसऱ्या दिवशी चिमाक्का वेणूचा हात धरून गावात निघाली. घरोघरी जाऊन म्हणू लागली, "फडताळातली घरं खाली काढा."

"अहो आक्का, राजवाड्यातल्यासारखं काम आहे ते!" लोक म्हणाले.

"म्हणूनच काढा. राजवाड्यातून परत आलंय ते काम."

लोकांना वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. पण घरं खाली आली, पाकळ्या उसवल्या गेल्या, आणि नव्या पोरी काकवीच्या बोटांनी ओट्यावर चढू लागल्या. पाली झाल्या, शेपट्या झाल्या. वेणू सगळ्यांच्या सुया ओवून द्यायची. कुणी बघत नसलं की कोपऱ्यात बसून स्वतःही चार टाके घालून पाहायची. चिमाक्काला दिसत नसलं तरी ते कळत होतं.

एका दुपारी चिमाक्कानं पेटीच्या तळातून जाळीचा शेवटचा तुकडा काढला. त्या तोलाची जाळी विणणारा आता कुणी उरला नव्हता, म्हणून तिनं तो वर्षानुवर्षं जपला होता. तो तिनं वेणूला चौकटीवर ताणायला दिला. ओट्यावर पोरींचा नेहमीचा दंगा चालू होता. तेवढ्यात 'टर्र' असा आवाज झाला आणि सगळ्या एकदम चिडीचूप झाल्या.

"आक्का," वेणू म्हणाली. "फाटली. मी जास्त ताणली."

'हात लावायचा नाही' हे जुने शब्द आपोआप चिमाक्काच्या ओठांवर आले. ते तिनं गिळले. हात पुढे करून तिनं चीर चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बरीच फाटलीय," ती म्हणाली. "सरक अशी जवळ. जाळी सांधायची कशी, ते मी आजवर कुणाला शिकवलंच नाही बघ."

वेणूनं पदरानं डोळे पुसले आणि सुई उचलली.

तात्पर्य: ज्या हातांना चुकायची मुभा मिळते, तेच हात पुढे कला सांभाळतात. कौतुकानं उंच फळीवर ठेवलेल्या वस्तूला वारस मिळत नाही.