खारवलीचे भगदाड

वसईच्या पश्चिमपट्टीत खारवली नावाचे गाव आहे. तिथल्या कॉन्व्हेंटची भिंत तिन्ही बाजूंनी काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, दोन पुरुष उंच. चौथ्या बाजूला, जिथे बावखल म्हणजे गोड्या पाण्याचे जुने तळे आहे, तिथे मात्र भिंतीला भगदाड आहे. कमरेवर घागर घेतलेली एक बाई आत शिरेल एवढेच. ईस्टरनंतरच्या सोमवारी सकाळी आतल्या सिस्टर ते भगदाड चुना न लावता नुसत्या दगडांनी बुजवतात आणि दुपारच्या आत गावच्या बाया ते दगड उपसून टाकतात. कुणी कुणाशी बोलत नाही. पाहुण्यांना हा सण वाटतो आणि ते फोटो काढू लागतात. मग गावचे बस्त्यावकाका त्यांना चिंचेखाली बसवतात आणि सांगतात की हा सण नव्हे, भांडण आहे, आणि ते मिटलेले नाही.

फिरंग्यांच्या अमलातली गोष्ट. हे बावखल तेव्हा रुजाय नावाच्या विधवेच्या वाडीत होते. तिच्या नवऱ्याच्या आजाने खणलेले. मालकी तिची, पण पाणी अख्ख्या गावाचे. प्यायला तेच आणि पानवेलींना, केळींनाही तेच. रुजायला एकच लेक, कतरीन. तिने कॉन्व्हेंटमध्ये जायचे ठरवले. कॉन्व्हेंटची मोठी बाई, तिला मादर म्हणत, तिने निरोप धाडला की देवाची नवरी रिकाम्या हाताने येत नाही, हुंडा लागतो. रुजायकडे देण्याजोगे काय होते? तिने बावखल लिहून दिले.

गावातल्या शहाण्यांनी तिला परोपरीने समजावले म्हणे. पण रुजायची मान तेव्हा ताठ होती. देव माझा जावई झाला, तो काय कुणाचे पाणी तोडणार आहे, असे ती सगळ्यांना ऐकवत फिरली. इथेच ती फसली. जावई आणि जावयाच्या घरची माणसे यांतला फरक लेक दिलेल्या बाईला कळायला हवा होता, तो तिला कळला नाही.

वर्ष उलटायच्या आत गवंडी आले आणि बावखल भिंतीच्या आत गेले. आतल्या बायकांवर परक्याची नजर पडू नये असा कॉन्व्हेंटचा नियम होता. भिंतीत एक फिरती लाकडी पेटी बसवली होती. तिच्यातून घरटी रोज एक घागर पाणी मिळे, तेही मादरची मर्जी असेल तर. उन्हाळा लागला तशा पानवेली मांडवावरच वाळल्या. गावाने सगळा राग रुजायवर काढला. रविवारी चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला तिच्या बाकावर कुणी बसेना, तिच्या दारावरून जाणारी बाई तोंड फिरवून थुंकू लागली. रुजायला हे लागले, फार लागले, कारण थुंकणाऱ्या बायांचे चुकत नव्हते.

ती मादरकडे गेली. लोखंडी जाळीमागून मादर म्हणाली, देवाला दिलेले दान परत मागायला लाज कशी वाटत नाही?

रुजाय म्हणाली, "पाणी मी माज्या जावयाला दिलंय. तुला नाय दिलं."

जाळीवरचा पडदा ओढला गेला. रुजाय तिथून उठली ती भिंतीला पाठ लावून उन्हात बसली. भिंत उघडेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, असा तिने नेम धरला. गाव बघायला आले. कुणी हळहळले नाही, आणि तिचीही तशी अपेक्षा नव्हती.

तिसऱ्या दिवशी, तो ईस्टरनंतरचा सोमवार होता असे सांगतात, तिच्या पाठीला भिंत हलल्यासारखी वाटली. आतून कुणीतरी चुना खरवडत होते. ती बाजूला सरली. एक दगड निखळला, मग दुसरा. आत कतरीन होती. नखे तुटलेली, बोटे चुन्याने भाजलेली, चेहरा उघडा. मौनाची, आज्ञापालनाची सगळी व्रते तिने त्या सकाळी मोडली होती. दुपारच्या घंटेपर्यंत माणूस शिरेल एवढी वाट झाली. कतरीनने घागर भरून पुढे केली.

"आये, पाणी पी."

रुजायचे ओठ फुटले होते. तिने घागर हातात घेतली. पण आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या सासरचे पाणी पीत नाही. ही रीत बाप्तिस्म्याच्याही आधीची. आणि या लेकीला मूल कुठून होणार?

"तुज्या सासरचं पाणी माला कसं चालंल, बाय?" ती म्हणाली. मग मागे वळून, ज्या बाया तिच्या दारावर थुंकल्या होत्या त्यांच्यापुढे तिने ती घागर धरली. "तुमी प्या. तुमची कुठं लेक हाय आत."

त्या प्यायल्या. दुसऱ्या गावचे पाणी आणायला माणूस धावला, पण तो येईपर्यंत रुजाय गेली होती. कतरीनला मादरने गलबतात घालून कुठे पाठवले ते कुणालाच कळले नाही. वर्षभर त्या वाटेला हात लावायला कुणी धजले नाही. दुसऱ्या वर्षी त्याच सोमवारी नियम म्हणून मादरने भगदाड बुजवले आणि बायांनी ते उघडले.

अमल बदलले, आतल्या सिस्टर बदलल्या. आजही सोमवारचे दगड रचले जातात आणि उपसले जातात. ज्या घरची लेक आत आहे त्या घरच्या आईने पहिला दगड काढायचा आणि घागर न भरता परत फिरायचे, अशी रीत आहे. यंदा सकाळी आतून दगड रचणाऱ्यांत बस्त्यावकाकांची थोरली लेक होती. दुपारी तिच्या आईने पहिला दगड काढला, आत न बघता बाजूला ठेवला आणि ती रिकाम्या हाताने घरी आली.