किती वेळा मागे फिरला

"...पण मग उंदीर मागे का फिरतो?" नूरशाह फकिराने विचारलं.

गावाबाहेरच्या तकियात, म्हणजे त्याच्या मठीत, निंबाखालच्या ओट्यावर तो गोधडी शिवत बसला होता. समोर डॉ. मृदुला केंजळे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत अकरा वर्षं ती उंदरांवर नशेचा अभ्यास करत होती.

तिचा धाकटा भाऊ सत्यजित पावडरीच्या नादी लागून घर सोडून गेला होता. महिनाभर तो तकियात भाकरीला येतोय, असा फकिराचा निरोप आला आणि ती गाडी घेऊन निघाली. व्यसनमुक्ती केंद्रात खाट ठरवूनच.

"कारण त्याला दोन्ही आठवतं, बाबा," मृदुला म्हणाली. "एक लांब बोळ असतो. टोकाला गेलं की नशेचं औषध मिळतं. सुरुवातीला उंदीर धावत सुटतो. पण नशा उतरताना जीव घाबराघुबरा होतो, तेही त्याच्या लक्षात राहतं. मग तो टोकाशी पोचता पोचता थबकतो. मागे वळतो. परत पुढे. लोकांना वाटतं नशेत नुसतं सुख असतं. धाकही असतो."

"उंदराने सांगितलं?"

"सांगावं लागत नाही. किती वेळा मागे फिरला, ते मी मोजते." तिच्या आवाजात ताठा आला. "औषध किती दिलं तेवढं सांगा. उंदीर किती वेळा फिरेल, ते मी आधीच सांगते."

फकिराने दाताने दोरा तोडला.

"मागे फिरून जातो कुठे?"

"कुठे जाणार? बोळातच. दुसरी वाट नसते."

"असं..."

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर सत्यजित दिसला. दाढी वाढलेली, शर्ट खांद्यावरून ओघळलेला. बहिणीला पाहून तो झपाझप तकियासमोरच्या विहिरीपर्यंत आला. थांबला. वळून रस्त्याकडे चालू लागला. परत आला. परत वळला.

मृदुला खालच्या आवाजात म्हणाली, "बघा ना. त्याला सुटायचंच नाहीये. गेल्या वर्षी माझ्या घरापाशी आला होता. फाटकाला हात लावायचा नि निघून जायचा. तीनदा. मी खिडकीतून बघत होते."

"तीनदा..." फकिराने सुई गोधडीत खोचली. "मोजलंस?"

तिने विहिरीकडे पाहिलं.

विहिरीपाशी सत्यजित कठड्याला धरून उभा होता.

"फाटकाला कुलूप होतं," ती म्हणाली. "मीच लावलेलं. आईच्या बांगड्यासुद्धा विकल्या त्याने, बाबा. काय करणार होते मी?"

फकिराने विहिरीकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "हाक मार."

"सत्यजित!"

सत्यजितने पाठ फिरवली.

"हे शाळेतलं नाव झालं, बेटी. घरात काय म्हणायचीस?"

ते नाव तिच्या तोंडून सहा वर्षांत निघालं नव्हतं. आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही.

"चिकू..." ओठ नुसतेच हलले.

"मलाही ऐकू आलं नाही."

"चिकू!"

रस्त्याकडे निघालेला सत्यजित थबकला. वळला नाही. पण थबकला.

"चिकू, अरे इकडे ये ना!" तिचा आवाज फाटला.

तो हळूच वळला. विहीर मागे टाकून चार पावलं पुढे आला आणि उभा राहिला. हात त्याने काखेत दाबून धरले. डोळे मात्र बहिणीवर.

मृदुलाने फकिराकडे पाहिलं. आता तिच्या बोलण्यात डॉक्टर नव्हती.

"बाबा, हा पुन्हा मागे फिरला तर?"

"फिरेल."

"मग?"

फकिराने गोधडी बाजूला सारली.

"तुझा आवाज बसला की सांग. मग मी मारतो हाक."