पाण्याने पाठवलेले आभार

"महिना झाला! मिठागरातल्या एकानेही माझे आभार मानले नाहीत!" राजा उदयसेन कडाडला.

महिन्यापूर्वी, भर चैत्रात, त्याची पालखी खाडीकाठच्या मिठागरावरून गेली होती. उन्हात मीठ ओढणारी माणसं पाहून त्याला गलबलून आलं. तिथल्या तिथे त्याने हुकूम सोडला, "सगळ्या मिठागरावर मांडव घाला!" दिवाणजी म्हणाले, "वा, वा!" आठ दिवसांत अर्ध्या कोसावर जाड कापड चढलं. खाली खाडीचं पाणी साठवलेल्या वाफ्यांत गारेगार सावली पडली आणि मीठ पिकायचं थांबलं! गावातल्या चुली विझायला आल्या. पण राजाला सांगणार कोण?

त्यात आता हे नवं फर्मान आलं : "उद्या दरबारात येऊन आभार माना. खोटी स्तुती केलीत किंवा मांडवाला नावं ठेवलीत, तर मिठागर सोडून चालते व्हा!"

गाव हादरलं. खोटं बोलावं तरी मिठागर जाणार, खरं बोलावं तरी जाणार! शेवटी चांगुणा उठली. बारा वर्षं मीठ ओढून तिचे हात रापले होते. "मी जाते," ती म्हणाली आणि वाफ्यातलं पाणी घागरीत भरून निघाली.

दरबारात तिने घागर राजापुढे ठेवली.

"आभार आणलेस?"

"आणलेत, महाराज. पण आमचे नाहीत, या पाण्याचे."

"पाण्याचे?"

"होय तर! दरवर्षी बिचारं उन्हात तापायचं, आटायचं, त्याचं मीठ व्हायचं. यंदा तुमच्या कृपेने सावलीत मजेत पडून आहे. तुम्हाला दुवा देतंय!"

दिवाणजी सवयीने "वा, वा!" म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. राजाचा चेहरा पडला.

"म्हणजे माझ्या दयेचं काहीच कौतुक नाही?"

"नाही कसं? तिथून पालख्या कितीतरी जातात, महाराज. आम्हाला पाहून थांबली ती एकट्या तुमचीच. त्यासाठी हा मुजरा, आणि हा मात्र आमचा! फक्त सावली तेवढी चुकून पाण्याच्या डोक्यावर पडली. ती आमच्या डोक्यावर सरकवा!"

राजा असा खदखदून हसला, की डोळ्यांतून पाणी आलं.

"मांडव उतरवा! बांधावर विसाव्याला छपऱ्या घाला, उरलेलं कापड डोक्याला बांधायला वाटा. बुडाल्या महिन्याचं धान्य माझ्या कोठारातून द्या!"

स्वतःच्या हातातलं सोन्याचं कडं त्याने चांगुणाला दिलं आणि दिवाणजींकडे वळला. "आणि तुम्ही! यापुढे मला कोणाची दया आली, की 'वा, वा' करण्याआधी या बाईला विचारून या!"