मंजुळेची मूठ

श्रीनिर्मोहीनाथ महाराज फिरत फिरत करंजाईच्या गावी आले आणि देवळाच्या ओसरीत उतरले. दुसऱ्याच दिवशी सकाळी देवीचा चांदीचा डोळा नाहीसा झाला.

गाव देवळात लोटले. जो तो दुसऱ्याच्या कनवटीकडे पाहू लागला. पुजारी आप्पाभट गरजले, "कालपर्यंत डोळा होता. हा गोसावी आला आणि डोळा गेला! आधी याची झोळी पाहा."

महाराजांनी झोळी उपडी केली. एक लंगोटी आणि भाकरीचा तुकडा, एवढेच निघाले.

मग आप्पाभटांची नजर येसाकडे वळली. ही गरीब विधवा रोज पहाटे देवीचे अंगण झाडी. तिची चार वर्षांची मंजुळा खांबाला टेकून उभी होती आणि तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

"मूठ उघड!"

मंजुळेने मान हलवली.

कोणी गूळ दाखवला, कोणी डोळे वटारले. आप्पाभट बोटे सोडवू गेले, तर ती त्यांना कडकडून चावली.

"पाहिलंत? आईनंच शिकवून ठेवलंय. रोज झाडते ती भक्ती नव्हे, टेहळणी!"

लोक कुजबुजले. येसा रडत म्हणाली, "म्हाराज, माझी पोर चोर न्हाई हो!" पण बोलता बोलता तिनेही त्या मुठीकडे पाहिले आणि क्षणभर तिचे मन चरकले.

महाराज उठले. सर्वांना मागे सारून ते मंजुळेसमोर जमिनीवर बसले. मुठीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. मुलीचा हुंदका ओसरल्यावर हळूच म्हणाले, "बाळ, नको उघडूस. पण उघडलीस तर काय होईल गं?"

मंजुळा पुटपुटली, "आयला चावंल."

हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता.

"असं होय? मग आईला आपण उंचावर बसवू." महाराजांनी येसाला ओसरीच्या कठड्यावर बसवले. "आता पोचेल का तो?"

मंजुळेने आईच्या अनवाणी पायांकडे नीट पाहिले आणि मूठ उघडली. आतून काळाकभिन्न विंचू खाली पडला! झाडणाऱ्या आईच्या पायाशी तो आला, तसा लेकराने उचलून धरला होता. ज्याच्या डंखाने बैल आडवा व्हावा, त्याने त्या कोवळ्या तळव्यावर ओरखडाही काढला नव्हता. करंजाई, तुझी माया अगाध!

विंचू सरसरत कोपऱ्यातल्या निर्माल्यात शिरला. आप्पाभट काठी घेऊन धावले.

"मारू नका," महाराज म्हणाले, "फुलं तेवढी बाजूला करा."

काठीने हार उचलला, तर सुकलेल्या चंदनाने त्याला चिकटलेला चांदीचा डोळा लकाकला. पहाटे घाईघाईत आप्पाभटांनीच तो हार देवीच्या मुखावरून ओढून काढला होता.

त्यांच्या हातून काठी गळली. ते महाराजांच्या पायांकडे वळले, तसे महाराज बाजूला झाले.

"माझी झोळी पाहिलीत, त्याचं मला काही नाही. पण या माउलीला काय म्हणालात?"

आप्पाभट येसासमोर गेले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी मातीत डोके टेकवले.

तोच मंजुळा धावत आली आणि त्यांचे उपरणे ओढू लागली. "काका, उठा ना! विंचू हितंच हाय. तुमाला चावंल."

ते ऐकून आप्पाभटांना रडू फुटले. डोके मात्र त्यांनी उचलले नाही.