झाडलेली राई

"...म्हणजे झरा आटला तो झाडांमुळेच. आता तरी हो म्हणाल ना, बाबा?"

महिपतने दुसऱ्यांदा विचारले. सोमगीरबाबा नुकते ओट्यावर टेकले होते. गिरनारकडे गेलेले बाबा तीन वर्षांनी त्या सकाळीच मठीत परतले होते. पायांवरची धूळ तशीच होती. धुवायला पाणी नव्हते.

मठीमागे देवाची राई. राईतला झरा यंदा फाल्गुनातच आटला. खालच्या वाडीतल्या बाया नदीवरून पाणी आणू लागल्या. दीड कोस उतरायचे, भरला हंडा घेऊन दीड कोस चढायचे.

बाबा परतल्याचे कळताच वाडीने ठरवले, उद्या राई तोडायची. पण देवाची राई. बाबांच्या होकाराशिवाय तिला कुऱ्हाड लागत नसे. तो होकार आणायचे महिपतने अंगावर घेतले होते. तो बाबांचा शिष्य. कॉलेजात दोन वर्षे शिकलेला, म्हणून वाडी त्याचे ऐकायची.

पायरीवर वाडीतली ठकूमावशी बसली होती. शेजारी रिकामा हंडा.

"काय ते लवकर बोला, बाबा. मला नदी गाठायचीय. या झाडांची पोटं मोठी, आमचे हंडे लहान."

बाबांनी महिपतकडे पाहिले.

"झाडं पाणी पितात?"

"पितात. मुळांनी ओढतात आणि पानांतून हवेत सोडतात. पुस्तकात आहे."

"पूर्वी पीत नव्हती?"

"पीत होती. पण तेव्हा झरा आटत नव्हता."

"पाऊस कमी झाला का रे?"

"नाही. पण महिन्याचा पाऊस तीन दिवसांत पडतो. येतो आणि माती घेऊन जातो."

"माझी नाचणीपण नेली मेल्यानं," मावशी म्हणाली.

बाबा उठले. राईत शिरले. दोघे मागोमाग गेले.

आत जमीन अंगणासारखी साफ होती. टणक, पांढरट. मुळे उघडी पडली होती.

"कोण झाडतं?"

"मीच, बाबा." महिपतचा चेहरा खुलला. "तुम्ही गेल्यापासून एक दिवस चुकवला नाही. देवाच्या राईत एक पान दिसू देत नाही मी."

"झाडलेल्या पानांचं काय करतोस?"

"तिकडं कोपऱ्यात जाळतो."

कोपऱ्यात राखेचा लहानसा ढीग होता. बाबा त्याच्याजवळ थांबले.

"तीन वर्षांची पानं... आणि राख एवढीच? बाकीचं कुठं गेलं?"

"वर गेलं, बाबा. धुरातून. कार्बन."

"हा कोण?"

"झाडाचं अंग ज्याचं बनतं, तो. झाड त्याला हवेतून घेतं. जाळलं की तो परत हवेत जातो. तो वर साठला की हवा तापते."

"तापलेल्या हवेला तहान लागते का रे?"

"लागते ना. जेवढी तापेल तेवढं पाणी ती जमिनीतून..."

महिपतने राखेकडे पाहिले.

बाबा म्हणाले, "मूठभर राख घे. पीळ."

"राख?"

"पीळ."

त्याने मूठ आवळली. राख बोटांतून उडून गेली.

पुढे एक मोठा दगड होता. त्याच्याखाली कपार. तिथे झाडू पोचला नव्हता. बाबांनी हात घालून आतली कुजलेली काळी पाने काढली आणि महिपतच्या हातात ठेवली.

"आता हे पीळ."

"भर वैशाखात कचरा पिळतोय," मावशी म्हणाली. "गेलं शिक्षण वाया."

महिपतने मूठ आवळली.

एक थेंब पडला... थोड्या वेळाने आणखी एक.



महिपत खाली बसला. म्हणाला, "मावशी, झाडं तोडू नका. पाऊस ही पानं धरून ठेवतात. पाणी मी जाळलं."

"पाणी जाळलंस? अरे, पाण्यानं आग विझते, लेका!"

पण ती जवळ आली. त्याच्या हातातला काळा गोळा घेऊन तिने स्वतः पिळला. ओली झालेली बोटे डोळ्यांना लावली.

"रोज जाळायचास?"

"रोज."

"उद्या माणसं कुऱ्हाडी घेऊन येतील. त्यांना काय सांगू?"

"मी सांगेन. सगळ्यांसमोर."

"मारतील तुला."

"मारू देत."

"तू मार खाल्लास म्हणून माझा हंडा भरणार आहे का?" तिने हंडा त्याच्यापुढे आदळला. "दोन पावसाळे थांबायला लावते मी त्यांना. माझं ऐकतात. पण तोवर नदीचं पाणी तू आणायचं. माझ्या एकटीचं नाही. वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं."

महिपतने मान डोलावली. हंडा खांद्यावर घेतला.

राईच्या कडेला जाऊन तो वळला.

"बाबा... झऱ्याला पाणी कधी येईल?"

बाबा वर बघत होते.

जांभळीवरून एक पान सुटले. गिरक्या घेत महिपतच्या पुढ्यात साफ जमिनीवर पडले. सवयीने तो वाकला. हात पानापर्यंत गेला... आणि तिथेच थांबला.

बाबा म्हणाले, "यायला लागलं."