अर्जुनाची उरलेली साल

पूर्वी चंपानगरीत राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका वैद्यकुळात जन्म घेतला होता. त्याचं नाव सुभद्र. नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडांच्या सालीचा काढा करून तो जखमा धूत असे. त्या काढ्याने जखमेत पू धरत नसे, आणि साल घालून कढवलेलं मलमाचं तूपही खवट होत नसे. घराण्याची रीत एकच: साल तळहाताएवढीच काढायची, वर चिखल लिंपायचा, आणि ती भरून येईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही.

एका वर्षी पुरानंतर घरोघरी पाय चिघळले. मग काय, साल विकणाऱ्यांची चंगळ! रेवणक नावाच्या माणसाने तर झाडंच्या झाडं गोल सोलली. अहो, सभोवार सोललेलं झाड जगेल कसं? ती उभ्या उभ्या वाळली. सुभद्राने समजावलं, तर म्हणाला, "वैद्यराज, इथे माणसं मरताहेत आणि तुम्हाला झाडांचा पुळका!" शेवटी काठावर एकच अर्जुन उरला, तोही तीन अंगांनी उघडा.

लोकांचे पाय धुता धुता सुभद्राचाही पाय चिघळला. तळवा काळा पडू लागला. जीव अगदी मेटाकुटीला आला. "आता तरी स्वतःकडे बघा," असं म्हणत पत्नी वसुधेने त्या झाडाची तळहातभर साल आणली. याहून जास्त काढली असती, तर तेही झाड गेलं असतं.

एकालाच पुरेल एवढा काढा उकळला, तोच रेवणक दारात आला. कडेवर तापाने फणफणलेली लेक, तिच्या पोटरीतून पू वाहत होता.

"कोणत्या तोंडाने आलास रे?" वसुधा कडाडली.

"चुकलं, माय. उरलेली साल मी काढून आणतो."

"त्या झाडाला हात लावू नकोस," सुभद्र म्हणाला. "पुढच्या पावसातही लोकांचे पाय चिघळतील." त्याला फक्त निजायचं होतं. दयेचंसुद्धा ओझं झालं होतं. तरी त्याने भांडं उतरवलं आणि पोरीचा पाय मांडीवर घेतला.

पोर वाचली. सुभद्राचं पाऊल कापावं लागलं. तेव्हापासून रेवणक त्याला पाठुंगळी घेऊन आजाऱ्यांच्या दारोदार हिंडला.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, ती पोर आणि वसुधा आज आपल्या उपासिका आहेत. रेवणक म्हणजे आजाऱ्यांची शुश्रूषा करून वैतागलेला हा भिक्षू सोणक, आणि तो वैद्य मीच. सोणका, त्या दिवशी मीही फार थकलो होतो. थकल्यावरही जी उरते, ती करुणा."