पायाला लागलेला चेंडू

“मग हात वर का केला त्यानं?”

उस्ताद मांडीवरच्या हॉकी स्टिकच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होते. एक वेढा, ताण, मग पुढचा वेढा.

श्रीरंगनं पुन्हा विचारलं. “पंचानं बघितलं नव्हतं. समोरच्या टीमनंही फाउल नीट मागितला नव्हता. बरोबरी होती, सामना संपत आला होता. आणि हा आपला हात वर करून उभा! उस्ताद, यात काहीतरी आहे.”

“काय आहे?”

“तेच कळत नाही.”

“कळत नाही, म्हणून आहेच?”



ही गोष्ट कँटोन्मेंटच्या कडेला असलेल्या जुन्या मातीच्या मैदानावरची. गुलाब मुलाणी तिथे उमेदीच्या वयापासून पोरांना हॉकी शिकवत आले. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यामुळे काळा चष्मा. चष्म्यामागून ते कुणाकडे बघतायत ते समोरच्याला समजत नसे.

श्रीरंग बेंद्रे त्यांचाच चेला. याच मैदानावर गुडघे फोडून घेऊन मोठा झाला, देशासाठी खेळला, आता स्वतःची अकादमी चालवत होता आणि निवड समितीवर होता. शहरात आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा सुरू होती. भारताच्या ज्युनियर संघातल्या कोणत्या पोराला मोठ्या संघाच्या शिबिरात पाठवायचं, हे तिथल्या खेळावरून ठरणार होतं. बचावफळीत जागा एकच होती.

समितीची बैठक दुपारी होती. अध्यक्ष पाटणकर बचावातलं नाव उस्तादांना विचारल्याशिवाय पक्कं करत नसत. स्पर्धेआधीच्या सराव शिबिरात ही सगळी पोरं उस्तादांच्या हाताखालून गेली होती.

म्हणून श्रीरंग सकाळीच आला होता. येताना पेढ्यांचा पुडा घेऊन.

उस्तादांनी पुडा अजून उघडला नव्हता.

“पेढे कसले?” त्यांनी विचारलं.

“सहज.”

“काल हरलात ना तुम्ही?”

“हो.”

“हरल्यावर पेढे वाटायची पद्धत कधीपासून?”

श्रीरंग हसला. उस्ताद हसले नाहीत.

“पोराचं नाव काय म्हणालास?”

“मार्टिन बिलुंग. झारखंडचा. तुम्हाला ठाऊक आहे तो.”

“मला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे का, ते बघत होतो.”

श्रीरंगनं खिशातून मोबाइल काढला. “हे बघा. म्हणजे… ऐका. मी सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण मागवून घेतलं. पुन्हा पुन्हा बघितलं. सावकाश चालवून बघितलं. चेंडू त्याच्या पायाजवळून जातो, इथपर्यंत दिसतं. पण पायाला लागलेला दिसत नाही. कुठल्याच कॅमेऱ्यात दिसत नाही.”

“मग?”

“मग जे लागलंच नाही, त्यासाठी हात वर करायचा? पायाचा फाउल म्हणून त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला, गोल झाला, घरी गेलो. असं कोण करतं?”

“कोण करतं?”

“एक तर कुणीतरी त्याला फितवलंय. नाही तर…”

“नाही तर?”

“नाही तर दाखवायला केलं. समोर स्टँडात आम्ही बसलो होतो. बाहेरच्या क्लबांची माणसं बसली होती. बघा, मी किती प्रामाणिक! त्याआधीच्या सामन्यात पडलेल्या पोराला उचलायला धावला होता, तेव्हाही मला शंका आली होती. फार चांगलं वागतो तो. एवढं चांगलं कुणी नसतं, उस्ताद. इतकी वर्षं पोरं बघतोय मी.”

“खेळला कसा?”

“काय?”

“खेळला कसा, विचारतोय.”

“खेळला… बरा.”

“बरा?”

“चांगला खेळला. पण प्रश्न खेळाचा नाही.”

“अच्छा. हॉकीच्या निवडीत प्रश्न खेळाचा नाही.”

पट्टीचं शेवटचं टोक उस्तादांनी अंगठ्यानं दाबून बसवलं. स्टिक उभी करून मूठ चाचपून बघितली.

“आणि दुसरा कोण आहे?”

“दुसरा?”

“आल्यापासून तू एकाच पोराबद्दल बोलतोयस. जागा एक आहे म्हणजे पोरं निदान दोन असणार.”

“कौस्तुभ घोरपडे,” श्रीरंग म्हणाला.

“कुठं शिकला?”

“तुम्हाला माहीत आहे, उस्ताद.”

“तू सांग.”

“माझ्याकडे. माझ्या अकादमीत. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही! पोरगा खरंच गुणी आहे. अंग मोडून मेहनत करतो. ही संधी गेली तर वय निघून जाईल त्याचं. त्याचे वडील रोज मला फोन करतात… तुम्ही फक्त पाटणकरांना एवढंच सांगा की मार्टिनबद्दल शंका आहे. बाकी मी बघतो.”

उस्तादांनी काळा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

“म्हणजे शंका तुझी, आणि जीभ माझी.”

श्रीरंगची मान खाली गेली. पण तो उठला नाही.

उस्ताद उठले. भिंतीशी एक बादली होती. बादलीत पाणी आणि पाण्यात चेंडू. हा उस्तादांचा जुना रिवाज. मोठ्या मैदानांवर गवतासारखा गालिचा असतो, त्यावर पाणी मारतात. इथे नुसती माती. पोरांना ओल्या चेंडूची सवय व्हावी, म्हणून ते चेंडूच भिजवून ठेवत.

त्यांनी चाचपडत एक चेंडू काढला.

“आठवतं का रे, इथं पंच कोण असायचा?”

“कुणीच नाही.”

“मग पायाला लागलेलं कसं कळायचं?”

“ज्याच्या पायाला लागलं त्यानं हात वर करायचा.” श्रीरंग जरा वैतागून म्हणाला, “पण ते इथलं होतं, उस्ताद. पोरांचं. तिथं कॅमेरे असतात.”

“त्या मार्टिनच्या गावात पंच असेल का?”

“मला काय माहीत?”

“हं. चित्रणात नसेल आलं.”

त्यांनी नवी पट्टी बांधलेली स्टिक श्रीरंगच्या हातात दिली. स्वतः एक जुनी उचलली.

“त्या दोन विटांच्या मध्ये उभा राहा. मी मारतो, तू अडव. पायाला लागला नाही, तर मी पाटणकरला फोन लावतो आणि तुझ्या कौस्तुभचं नाव सांगतो. लागला, तर पेढे उचलायचे आणि जायचं.”

“थट्टा करताय?”

“मी कधी केली?”

श्रीरंगनं त्यांच्याकडे निरखून बघितलं. काळ्या काचांत त्याला स्वतःचीच दोन लहान रूपं दिसली. यात काय डाव आहे, ते तो शोधत होता. सापडला नाही.

“आणि लागला की नाही, हे कोण सांगणार?”

“मला त्या विटासुद्धा धड दिसत नाहीत. तूच सांगशील.”

श्रीरंग विटांमध्ये जाऊन उभा राहिला. गुडघे वाकवले. किती दिवसांनी असा उभा राहिला होता. पायांत राखाडी कापडी बूट होते, नवेच.

उस्तादांनी चेंडू जमिनीवर ठेवला. स्टिकनं त्याचा अंदाज घेतला. म्हातारा माणूस, हळू मारेल, असं श्रीरंगला वाटलं.

हळू नव्हता.

श्रीरंगची स्टिक वेळेवर खाली आली. टक्क असा आवाज झाला. चेंडू उडाला, वळला, विटेच्या बाहेरून मातीत गेला आणि लिंबाच्या बुंध्याशी जाऊन थांबला.

अडवला होता. फक्त जाता जाता डाव्या बुटाच्या टोकाला काहीतरी चाटून गेलं. इतकं हलकं, की नाही म्हटलं तरी चाललं असतं.

“लागला?” उस्तादांनी विचारलं.

“नाही.”

“बरं.”

एवढंच. उस्तादांनी स्टिक भिंतीला टेकवली, खुर्चीपाशी आले आणि सदऱ्याच्या खिशातून फोन काढला.

श्रीरंग विटांमध्येच उभा होता. उस्ताद पुन्हा विचारतील, अशी त्यानं तयारी ठेवली होती. काय उत्तर द्यायचं, तेही ठरलं होतं. पण त्यांनी विचारलंच नाही. त्यामुळे तो जास्त अस्वस्थ झाला.

“तुम्ही बूट बघणार नाही?”

“मी पंच आहे का?”

“नाही, पण… तुम्हाला माझी शंका येत नाही?”

“शंका तुझ्याकडे आहेत ना. पुरेशा आहेत.”

उस्ताद फोन डोळ्यांजवळ धरून बटणं दाबत होते. एक चुकलं. पुन्हा पहिल्यापासून दाबू लागले.

“उस्ताद, तुम्ही खरंच सांगणार? कौस्तुभचं?”

“शब्द दिलाय.”

“आणि मार्टिन?”

“त्याचं काय? तुझ्याबरोबर खेळलो, शर्त लावली, हरलो. पोरगा घरी जाईल. गावातल्या पोरांनी विचारलं, का नाही घेतलं रे, तर सांगेल काहीतरी.”

“काय सांगेल?”

“हात वर केला होता म्हणून.”

उस्तादांचा आवाज काही वेगळा नव्हता. दुधाचा भाव सांगावा तसा.

श्रीरंगनं खाली बघितलं.

डाव्या बुटाच्या टोकाला ओला डाग होता. बोटाच्या पेराएवढा. राखाडी कापडावर काळपट, अगदी स्पष्ट. भिजलेल्या चेंडूचं पाणी.

ऊन चांगलं तापलं होतं. डागाची कड आत आत सरकत होती. श्रीरंग बघत राहिला. डाग दाण्याएवढा झाला. आणखी थोडा वेळ गेला असता, तर कुठल्याही कॅमेऱ्याला तिथे काही सापडलं नसतं.

त्यानं तो पाय दुसऱ्या पायामागे घेतला.

मग पुन्हा पुढे आणला.

“हॅलो… कोण? पाटणकर? मी गुलाब मुलाणी बोलतोय.” उस्तादांनी फोन कानाला घट्ट धरला. “हां, हां, तब्येत बरी आहे. डोळा बरा आहे. त्या जागेबद्दलच बोलायचं होतं. हां, बचावातली. तर नाव असं आहे, की…”

श्रीरंगचा उजवा हात उचलला गेला. खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. त्यानं एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा रिकाम्या मैदानाकडे. कुणी नव्हतं.

मग हात सरळ डोक्याच्या वर गेला.

उस्ताद बोलता बोलता थांबले. चेहरा नसेल दिसला, पण उंच झालेला हात तेवढा त्यांना दिसला असावा.

“एक मिनिट, पाटणकर. धरा जरा.”

त्यांनी फोन छातीशी धरला. काळा चष्मा श्रीरंगकडे वळला आणि बराच वेळ तसाच राहिला. श्रीरंगनं हात खाली घेतला नाही.

“काय रे,” उस्ताद म्हणाले, “कुणाला दाखवतोयस?”